व्हिक्टोरियन दिवाणखान्याची शोभा आणि तिची किंमत

जुन्या घराची डागडुजी निघाली अथवा नव्या घराची बैठकीची खोली सजवावयाची झाली, की 'व्हिक्टोरियन पद्धत' हा शब्दप्रयोग हटकून कानी पडतो. कोरीव पाठीची खुर्ची दिसली की ती व्हिक्टोरियन, पितळी दांड्यांचा पलंग दिसला की तोही व्हिक्टोरियन, आणि लंबकाच्या घड्याळाविषयी तर विचारावयासच नको! वास्तविक राणी व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली आणि निवर्तली १९०१ साली. त्रेसष्ट वर्षांहून अधिक लांबलेल्या या राजवटीत इंग्लंडातील घरांनी एकच एक वेष धारण केला होता, असे समजणे म्हणजे आजोबांच्या अंगरख्याला आणि नातवाच्या सदऱ्याला एकच नाव देण्यासारखे आहे. धर्मगुरूने दिवाणखान्याच्या सजावटीवर लेखणी चालवावी याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु नव्या घरांना आशीर्वाद देण्याच्या निमित्ताने आम्हांस जितके दिवाणखाने पाहावे लागतात, तितके सुतारांनाही पाहावे लागत नसतील.

ज्या घरी ही पद्धत आजही जशीच्या तशी पाहावयास मिळते, तेथूनच आरंभ करू. लंडनच्या केन्सिंग्टन भागात स्टॅफर्ड टेरेस नावाचा रस्ता आहे. त्यावरील १८ क्रमांकाचे घर 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिन्ली सँबोर्न यांचे. १८७४ साली त्यांचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी हे जोडपे येथे राहावयास आले. सँबोर्न काही लक्षाधीश नव्हते. आठवड्याच्या चित्रावर संसार चालविणारा तो कलावंत. पण हौस मात्र सरदाराची! दिवाणखान्यात पाऊल टाकावे तर डोळ्यांना विसावा म्हणून मिळत नाही. भिंतीवर एकाशेजारी एक चित्रांच्या चौकटी, त्यांच्यावर फळीवर मांडलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या ताटल्या, खिडक्यांना रंगीत काचा, पितळ, घड्याळे, पंखे, आणि या सर्वांमधून वाट काढीत बसावयास जावे अशा खुर्च्याच खुर्च्या. १८७७ साली त्या घरातील वस्तूंची यादी करण्यात आली. ती यादी आजही उपलब्ध असल्यामुळे कोणत्या खोलीत काय होते हे अभ्यासकांस सांगता येते. बाईसाहेब मेरियन यांच्या दैनंदिन्याही शिल्लक आहेत. पुढे त्यांच्या अविवाहित मुलाने, रॉयने, १९४६ साली मरेपर्यंत घरात फारसे काही हलविले नाही. नातीने, लेडी रॉस यांनी, ते पोटच्या पोरासारखे जपले. याच घरी जमलेल्या मंडळींच्या खटपटीतून १९५८ साली 'व्हिक्टोरियन सोसायटी' जन्मास आली, आणि १९८० साली घर सरकारी मालकीचे होऊन सर्वांसाठी खुले झाले.

एका मध्यमवर्गीय घरात इतके सामान आले कोठून, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. केवळ हौसेने ते आले नाही. त्यामागे यंत्र होते, आणि यंत्राच्या जोडीला कर उठविणारे सरकारही होते. नक्षीच्या कागदावर इंग्लंडात १७१२ पासून कर होता, तो १८३६ साली रद्द झाला. काचेवरचा कर १८४५ साली गेला. खिडक्यांवरचा कर, ज्याच्या भीतीने लोकांनी आपल्या घरच्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या होत्या, तो १८५१ साली उठला. १८३९ साली लँकेशायरमधील पॉटर नावाच्या कारखानदारांनी कापड छापण्याच्या रुळांवर भिंतीचा कागद छापण्याची युक्ती साधली. त्यापूर्वी लाकडी ठसे हाताने उमटवून एकेक गुंडाळी तयार करावी लागे. परिणाम असा झाला, की १८३४ साली त्या देशात सुमारे बारा लाख गुंडाळ्या निघत, तेथे १८७४ साली तीन कोटींच्या वर निघू लागल्या. कालपर्यंत उमरावांच्या महालात असणारी फुलवेल आज कारकुनाच्या भिंतीवर चढली. खुर्च्यांच्या गाद्यांत पोलादी स्प्रिंगा आल्या, १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला आणि पडदे-गालिचे पूर्वी कधी न दिसलेल्या रंगांनी भडकून उठले.

शिवाय त्या काळच्या गृहस्थाची मनोभूमिकाही लक्षात घेतली पाहिजे. त्याची कचेरी, गिरणी, गोदी धुराने कोंदलेल्या शहरात होती. तेथून संध्याकाळी परतल्यावर दार लावून घेतले, की बाहेरचे काही आत येऊ नये, अशी त्याची इच्छा असे. म्हणून खिडकीला आत नॉटिंगहॅमच्या लेसचा पातळ पडदा, त्यावर मखमलीचा जाड पडदा, दारालाही पडदा, आणि शेकोटीच्या फळीला झालर. घर म्हणजे एक मऊ अस्तर लावलेली पेटीच म्हणाना!

अशा सुकाळात सुरुचीचे काय होते, याचे दर्शन १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमधील महाप्रदर्शनात घडले. जोसेफ पॅक्सटनने उभारलेल्या काचेच्या प्रासादात जगभरातून आणलेल्या सुमारे एक लाख वस्तू मांडल्या होत्या आणि त्या पाहण्यास साठ लाखांहून अधिक माणसे लोटली. प्रदर्शनाच्या चालकांपैकी एक, हेन्री कोल, यांनी पुढच्याच वर्षी मार्लबरो हाउसमध्ये एक संग्रह मांडला आणि त्यातील एका दालनात मुद्दाम वाईट अभिरुचीचे नमुने ठेवले. पायाखाली तुडवावयाच्या गालिच्यावर हुबेहूब गुलाबांचे ताटवे, भिंतीच्या कागदावर आगगाडीचे स्टेशन, असे ते नमुने. लोकांनी त्या दालनाचे नाव ठेवले 'भयालय'. प्रेक्षक मनमुराद हसले. आपलाच माल तेथे टांगलेला पाहून कारखानदार मात्र खवळले, आणि ते दालन लवकरच गुंडाळावे लागले. उलट त्याच महाप्रदर्शनातील हिंदुस्थानी विभागाची ओवेन जोन्ससारख्या जाणकारांनी मुक्तकंठाने वाखाणणी केली. आमच्या विणकरांनी कापडावर फूल काढले तर ते सपाटच ठेवले. पृष्ठभाग सपाट असता त्यावर खोलीचा भास निर्माण केला नाही. जोन्स यांच्या १८५६ सालच्या अलंकरणविषयक ग्रंथात हिंदुस्थानी नक्षीला स्वतंत्र प्रकरण मिळाले, ते याच कारणाने.

या सर्व गलबल्यात एका पुरुषाने फार आधीच धोक्याची घंटा वाजविली होती. त्याचे नाव ऑगस्टस पुगिन. १८१२ साली जन्मलेल्या या वास्तुशिल्पीने १८३५ साली कॅथलिक धर्माचा स्वीकार केला, आणि अवघ्या चाळिसाव्या वर्षी, १८५२ मध्ये, अतिश्रमाने थकलेल्या व भ्रमिष्ट झालेल्या अवस्थेत तो मरण पावला. लंडनच्या पार्लमेंट भवनाच्या अंतर्भागातील कागद, फरशा, खुर्च्या, दिवे, इतकेच नव्हे तर दाराच्या कड्यासुद्धा त्याच्या पेन्सिलीतून उतरल्या आहेत. १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याने मांडलेले म्हणणे थोडक्यात असे : सोय, बांधणी अथवा औचित्य यांना ज्याची गरज नाही असे इमारतीत काहीही असू नये, आणि अलंकार करावयाचा तो मूळ बांधणीचाच करावा, बांधणी झाकण्यासाठी अलंकार रचू नये. किल्ल्याच्या बुरुजांची नक्कल केलेल्या लोखंडी शेगड्या आणि कमानींची लांबच लांब रांग दाखविणारे भिंतीचे कागद यांची त्याने यथेच्छ टर उडविली. सपाट भिंत सपाटच दिसावी, हा त्याचा आग्रह.

रॅम्सगेट येथे समुद्रकाठच्या कड्यावर पुगिनने १८४३-४४ साली स्वतःसाठी घर बांधले. त्याला 'द ग्रेंज' म्हणतात. घराला लागून त्याने स्वखर्चाने संत ऑगस्टीनचे मंदिर उभारले आणि घरातही एक लहानसे प्रार्थनागृह ठेवले. बाहेरून पाहता घर वेडेवाकडे वाटते, कारण पुगिनने आधी आतल्या खोल्यांचा विचार केला व मग भिंती त्यांच्यामागून आणल्या. जिन्याचा कठडा म्हणजे तिरप्या लाकडांची साधी जुळणी; सांधा कोठे आहे हे तो लपवीत नाही. भिंतीवरच्या कागदावर त्याच्या घराण्याचा पक्षी आणि 'पुढे चला' या अर्थाचे फ्रेंच ब्रीदवाक्य. रंग गडद आहेत, नक्षीही दाट आहे, म्हणजे व्हिक्टोरियन खोलीचा भरगच्चपणा येथेही आहेच. मात्र त्यातील कोणतीही वस्तू आपण नाही ते आहोत असे भासवीत नाही. लँडमार्क ट्रस्टने अलीकडे या घराचा जीर्णोद्धार केला असून प्रवाशांस ते राहावयासही मिळते. माझ्या मते व्हिक्टोरियन सजावटीचा सर्वोत्तम धडा या घरात आहे, सँबोर्नांच्या घरात नाही. सँबोर्नांचे घर मोहक आहे खरे. पण त्याच्याकडून शिकावे काय, तर फार तर चित्रे टांगावयास!

आता शोभेच्या मागील बाजूकडे वळू. त्या काळी हिरवा रंग लोकांस अतिशय प्रिय होता. शेले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली तांबे व सोमल यांच्या संयोगाने एक तेजस्वी हिरवा रंग काढला, आणि १८१४ च्या सुमारास त्याहूनही चमकदार असा पाचूसारखा हिरवा निघाला, त्यातही सोमलच. हा रंग भिंतीच्या कागदात, कृत्रिम फुलांत, मुलांच्या खेळण्यांत, वस्त्रांतही गेला. कागद जुना झाला की रंगाची पूड झडून हवेत मिसळे; भिंत ओलसर असली की बुरशी धरे आणि बुरशीतून सोमलयुक्त वायू निघे. बुरशीची ही करामत १८९० नंतर इटलीच्या गोसिओ या शास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवून दिली. १८६२ साली लंडनच्या लाइमहाउस या गरीब वस्तीत एकाच घरातील चार मुले एकापाठोपाठ दगावली. प्रथम घटसर्प असावा असे वाटले. पण शेजारी कोणासही त्याची बाधा होईना. शेवटी वैद्यांचे लक्ष खोलीतील हिरव्या कागदाकडे गेले. तरीही इंग्लंडात अशा कागदावर बंदी घालणारा कायदा कधीच झाला नाही. गिऱ्हाइके बिथरली तेव्हा कारखानदारांनी आपण होऊन सोमलविरहित कागदाची जाहिरात सुरू केली, इतकेच.

यात एक गोष्ट मनास चटका लावते. विल्यम मॉरिस हे नाव आज प्रत्येक सजावटकाराच्या ओठी आहे. हाताच्या कारागिरीचा कैवारी, कामगारांचा पुढारी, फुलापानांच्या नक्षीचा राजा! १८६१ साली त्याने मित्रांसह सजावटीची पेढी काढली, आणि त्याचे पहिले कागद १८६४ पासून बाजारात आले. ज्या पैशावर हे सारे उभे राहिले, तो मोठ्या अंशी डेव्हन परगण्यातील एका खाणीच्या भागांतून आलेला होता. त्या खाणीत आधी तांबे निघे. पुढे ती सोमलाच्या उत्पादनात जगात अग्रेसर ठरली. मॉरिस स्वतः १८७१ ते १८७५ तिचा संचालक होता. त्याच्या आरंभीच्या कागदाच्या नमुन्याची २००३ साली रासायनिक तपासणी झाली तेव्हा हिरव्या रंगात सोमल आढळला. मॉरिसची नक्षी यामुळे कुरूप ठरत नाही. पुढे त्याने वनस्पतींच्या रंगांचा ध्यास घेतला, स्वतःचे हात निळीत बुडवून घेतले, हेही तितकेच सत्य आहे. परंतु खाणीत सोमल खरवडणाऱ्या मजुरांची कातडी फोडांनी भरून जाई. त्यांच्या भिंतीवर मॉरिसचा कागद नव्हता.

आणि मग धूळ! लंडनची हवा कोळशाच्या धुराने भरलेली, प्रत्येक खोलीत शेकोटी, दिवे ग्यासचे. छत वर्षा-दोन वर्षांत काळवंडे. तांबडा, गडद हिरवा, तपकिरी हे रंग लोकांस आवडत त्याचे एक कारण ते काजळी लपवितात हे होते. ग्यासच्या धुरात नाजूक झाडे जगत नसत. म्हणून चिवट ॲस्पिडिस्ट्रा घरोघरी आली, आणि नेच्याची रोपे काचेच्या बंद पेटीत गेली. मेणाची फुले, पेंढा भरलेले पक्षी, शिंपल्यांची कलाकुसर यांवर काचेचे घुमट बसवीत, तेही धुळीपासून रक्षण म्हणूनच. पण झालर, गोंडा, कोरीव वेल, चित्राची चौकट यांवर कोठला घुमट बसविणार?

त्या पुसावयास माणसे लागत. १८९१ च्या खानेसुमारीत इंग्लंड व वेल्समध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांची संख्या तेरा लाखांहून अधिक भरली. १८६१ साली निघालेल्या मिसेस बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरील जाडजूड ग्रंथात मोलकरणीचा दिवस तासागणिक आखून दिलेला आहे : घर उठण्यापूर्वी शेगडीतील राख काढावयाची, लोखंडाला ग्रॅफाइटची काळी पूड लावून ते घासावयाचे, गालिच्यावर चहाचा ओला चोथा पसरून त्याबरोबर धूळ झाडून घ्यावयाची, आणि पुढे असे बरेच काही. मोलकरणीच्या बाजूने पाहावयाचे असेल तर हॅना कलविक या बाईच्या दैनंदिन्या आहेत. श्रॉपशायरमध्ये १८३३ साली जन्मलेली ही मुलगी लहान वयातच कामाला लागली, आणि आर्थर मन्बी या सुशिक्षित गृहस्थाच्या सांगण्यावरून तिने वर्षानुवर्षे आपली कामे लिहून ठेवली. किती जोड बूट चकाकविले, किती शेगड्या घासल्या, गुडघ्यांवर बसून कोणत्या पायऱ्या धुतल्या. पुढे, १८७३ साली, मन्बीने तिच्याशी गुपचूप लग्न केले, पण जगासमोर ती त्याची मोलकरीणच राहिली. सजावटीच्या सचित्र पुस्तकांशेजारी या दैनंदिन्या ठेवाव्यात, म्हणजे चित्रात न दिसणारी बाई दिसू लागते.

शतकाच्या अखेरीस इंग्रजांनाच या पसाऱ्याचा वीट आला. १८८४ साली लंडनला आरोग्यविषयक मोठे प्रदर्शन भरले. धुता येणारे कागद, उघडी लाकडी जमीन, उचलून झटकता येणारे लहान गालिचे यांची चलती झाली. विजेचा दिवा आला तसे काजळीचे निमित्तही संपले, आणि त्या लख्ख प्रकाशात जुन्या पडद्यांची कळा काही केल्या लपेना.

असो. इतके सांगूनही ज्यांस आपली खोली या पद्धतीने सजवावयाची आहे, त्यांस मी परावृत्त करणार नाही. या पद्धतीत घेण्यासारखे पुष्कळ आहे. सर्वांत उपयोगी म्हणजे १८७०-८० च्या सुमारास रूढ झालेली भिंतीची तीन भागांत विभागणी. खाली कमरेइतका पट्टा, ज्याला आपले गवंडीही 'डेडो' म्हणतात. तो गडद व टिकाऊ असावा, कारण खुर्च्या आणि मुले यांचा मार त्यालाच खावा लागतो. मध्ये मुख्य भाग, तेथे सौम्य रंग अथवा लहान नक्षी. छताखाली अरुंद पट्टा, त्यावर हवी तर वेलबुट्टी. या विभागणीने उंच छताची जुनी खोली एकदम सुबक दिसू लागते. छत ठेंगणे असेल तर मात्र वरचा पट्टा वगळावा, नाहीतर खोली टोपी डोळ्यांवर ओढून बसल्यासारखी दिसेल. भरगच्चपणा हवाच असेल तर तो एकाच भिंतीला द्यावा, उरलेल्या तीन मोकळ्या सोडाव्यात.

आपल्या हवेचा विचार अर्थातच आधी. मखमलीचे दुहेरी पडदे लंडनच्या थंडीसाठी होते. कोकणच्या नि गोव्याच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी येते आणि कसर खाते ती निराळीच. संस्थानिकांची गोष्ट वेगळी. ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा १८७४ साली उभा राहिला. त्याचे शिल्पी मायकेल फिलोझ हे इटालियन वंशाच्या कॅथलिक घराण्यातले. तेथील प्रचंड झुंबरे टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमाविण्यासाठी वर हत्ती चढविले होते, असे सांगतात. बडोद्याचा लक्ष्मीविलास १८९० साली पूर्ण झाला. त्याच्या रंगीत काचा युरोपातून आल्या. या वास्तूंत शंभर हात झाडावयास होते. सामान्य गृहस्थाने त्यांच्याकडे पाहून पडदे शिवावयास टाकू नयेत. गोव्यातील जुन्या घरांतील वेताच्या बैठकीच्या शिसवी खुर्च्यांना दुकानदार व्हिक्टोरियन म्हणून विकतात, त्या पुष्कळदा पोर्तुगीज परंपरेतील असतात, आणि आपल्या उकाड्याला स्प्रिंगच्या गादीपेक्षा त्या कितीतरी मानवतात. नाव चुकीचे असले तरी खुर्ची अवश्य घ्यावी. जुन्या परदेशी सामानावर मूळचा हिरवा रंग अथवा कागद शाबूत असेल तर तो कोरडा खरवडू नये, वा मुलांच्या खोलीत ठेवू नये. जाणकारास दाखवून मगच हात लावावा. जुन्या तेलरंगात शिसे असते, त्याविषयीही हीच सावधगिरी.

राहता राहिली एक वस्तू. खुर्चीच्या पाठीवर, डोके टेकते तेथे, अंथरावयाचा सुईकामाचा रुमाल. त्या काळी पुरुष केसांना मॅकॅसर नावाचे तेल चोपडीत. त्याचे डाग गादीवर पडू नयेत म्हणून इंग्रज गृहिणींनी हा रुमाल काढला, आणि त्याचे नावही त्या तेलाच्या बंदोबस्तावरूनच पडले. आपल्याकडे तो क्रोशाच्या विणकामाबरोबर आला आणि राहिला; आमच्या ख्रिस्ती घरांतून आजीच्या हातचे असे दोन-चार रुमाल पेटीच्या तळाशी हमखास असतात. व्हिक्टोरियन सजावटीतील हा एकच अलंकार असा, की जो काढून कोमट पाण्यात साबणाने धुता येतो, उन्हात वाळविता येतो, आणि संध्याकाळपर्यंत परत खुर्चीवर घालता येतो. प्रारंभ त्यापासून करावा. सुताराला बोलाविण्याचे नंतर पाहता येईल.